नाणेघाटातलं लेणं: मुक्कामाची जागा आणि तिथली राजाची जाहिरात

नाणेघाट म्हटलं की रील्समध्ये काय दिसतं, तर पावसाळ्यातला उलटा धबधबा नाहीतर नानाचा अंगठा हा सुळका. सगळी गर्दी तिथेच. पण माथ्यावरच्या चिंचोळ्या खिंडीतून थोडं खाली उतरलं की कातळात कोरलेली एक चौकोनी खोली लागते. आपण आज तिथे थांबणार आहोत, कारण ती कोरलीच मुळात थांबण्यासाठी असावी.

आधी वाट समजून घेऊ. खाली कोकणात कल्याण आणि सोपारा ही बंदरं, वर देशावर जुन्नर, तिथून पुढे पैठण, तेर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. बंदरात उतरलेला माल जनावरांच्या पाठीवर लादून याच घाटाने वर आणायचा, आणि चढ असा की आज नुसती सॅक आणि पाण्याची बाटली घेऊन येणाऱ्यांनासुद्धा वर येईस्तोवर धाप लागते. मग माल सांभाळत वर आलेल्या माणसाला काय हवं असणार? सावली, बूड टेकायला जागा आणि पाणी, बस्स.

आत बघा. स्तूप नाही, भिक्खूंच्या खोल्या नाहीत, वेरूळसारखं नक्षीकाम तर नाहीच. एक मोठी मोकळी खोली आणि तीन भिंतींना लागून दगडी ओटा. हा ओटा नंतर बांधलेला नाही हं, खोली खोदतानाच तेवढा कातळ शिल्लक ठेवलाय. म्हणजे इथे लोक बसणार, पाठ टेकणार, हे छिन्नी लावायच्या आधीच ठरलेलं होतं.

आता मान वर करा. बाजूच्या दोन्ही भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लांबलचक लेख आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा. सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका हिचा तो लेख मानतात. सुरुवातीला इंद्र, संकर्षण-वासुदेव (म्हणजे बलराम-कृष्ण), चंद्र-सूर्य आणि लोकपालांना, म्हणजे दिशांच्या रक्षक देवांना वंदन, मग यज्ञांची यादी, त्यात अश्वमेध आणि राजसूयही, आणि मग दक्षिणा. गायी, घोडे, हत्ती, नाणी, सगळं आकड्यात. एका ठिकाणी तर 24,400 कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी! आणि हे आकडे कोरलेत कसे, तर शून्य नाहीच, दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. आकड्यांचा इतिहास शिकणारे आजही या भिंतीपाशी येतातच. 1828 च्या सुमारास विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाकडे इंग्रजांचं लक्ष वेधलं, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो नीट अभ्यासला. बरेच भाग झिजलेत, त्यामुळे काही ओळींवर अजूनही वाद आहेत, असू देत.

समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, सातकर्णी, नागनिका, राजकुमार, एक महारठी (तेव्हाची सरदारासारखी पदवी). मूर्ती गेल्या, वर कोरलेली नावं राहिली, आणि खाली कुठेकुठे पावलांच्या खुणा. प्रकाश तिरका पडला तरच धड दिसतात, म्हणून हा शॉट संध्याकाळी घेतलाय.

मला विचाराल तर हे सगळं इथेच का कोरलं, याचं उत्तर त्या ओट्यात आहे. महालातल्या भिंतीवर लिहून वाचणार कोण, दरबारीच ना! इथे मात्र कल्याणचा, सोपाऱ्याचा, जुन्नरचा प्रत्येक व्यापारी दमून बसणार, आणि बसला की समोर राजाराणी उभे. हायवेवरच्या फूडमॉलसमोर नेत्याचं होर्डिंग लावतात तसंच, फक्त हे दोन हजार वर्षं टिकलं. इतिहासाच्या गप्पांत राणीच पुढे असते, ते ठीकच आहे, पण गर्दी आधी होती म्हणून लेख इथे आला.

बाहेर या आता, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यातल्या एका टाक्यावरच्या लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाने टाकं दान दिल्याचं लिहिलंय. ना यज्ञ, ना हत्ती. खाली बंदराच्या गावातला माणूस, आणि त्याने वर घाटात पाण्याची सोय केली. मला हा लेख जास्त आवडतो, खरं सांगतो.

माथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. यात जकातीची नाणी टाकायचे असं सगळेच सांगतात, गाईड तर हमखास. लेखी पुरावा मागाल तर गोष्ट तिथेच अडते. पण जकात असणारच, एवढी वर्दळीची वाट फुकट कोण सोडेल? वाटेवर नजर ठेवायला शेजारी जीवधन किल्ला आहेच, शिवाय चावंड, हडसर, शिवनेरी ही जुन्नरकडची किल्ल्यांची फळी.

यायचं असेल तर जुन्नरहून घाटघरपर्यंत गाडी येते, लेण्यापर्यंत अगदी थोडं चालणं. पण जमलं तर खालून, वैशाखऱ्याच्या बाजूने चढून या आणि आल्या आल्या आधी त्या ओट्यापाशी जा, फोटो मग काढा.