दरवाजाचा गंज आतून येतो

मंडळी, सभागृहात येण्याआधी अंगणात लावलेल्या आपल्या गाड्या मी जरा वाकून पाहिल्या. त्यांपैकी बऱ्याच दहा-पंधरा वर्षे वापरातल्या आहेत आणि बहुतेकींच्या दरवाजांच्या खालच्या कडेला रंगाखाली फोड आलेले आहेत. आपण याला रंगाचे दुखणे समजतो आणि गाडी पेंटरकडे नेतो. पण बाहेरून फोड दिसतो तेव्हा गंजाने आतल्या बाजूने पत्रा जवळजवळ पार केलेला असतो, म्हणून उपचाराची सुरुवातही आतूनच करावी लागते, हे आज मला सांगायचे आहे.

दरवाजा ही दोन पत्र्यांची पेटी असते. आत चौकट आणि बाहेर मिलिमीटरभरही जाड नसलेला पत्रा. या पत्र्याची कड चौकटीवर दुमडून दाबलेली असते, करंजीला मुरड घालावी तशी. काचेलगतच्या रबरपट्टीतून पाणी थोडेफार आत उतरणारच, हे गृहीत धरून तळाशी निचऱ्याची भोके ठेवलेली असतात. गाडी जुनी होते, रबर उन्हाने कडक होऊन चिरते, आंब्याचा मोहोर, सुरूच्या काड्या आणि धूळ आत जाऊन चिखल बसतो, भोके बुजतात, आणि मग त्या मुरडीत आषाढभर पाणी साचून राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो दुमडलेली कड उसवतो आणि रंग उचलून धरतो. तोच आपल्याला दिसणारा फोड.

हे देशावरही घडते. किनाऱ्यावर मात्र त्यात मिठाची भर पडते. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला जूनमध्ये पाणी सुटते, हे येथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून विरघळू लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती दिवसचे दिवस त्याहून वर असते. म्हणजे पाऊस थांबला, गाडी पडवीत उभी केली, तरी खारट थर बसलेला पत्रा ओलाच राहतो. हे खारे पाणी वीजवाहक असल्याने गंजण्याची क्रिया वेग घेते. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाताना गाडीवर जे तुषार उडतात, किंवा मासळीच्या बर्फाचे जे खारट पाणी टेम्पोच्या दरवाजावरून ओघळते, ते घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन टाकणे हा कोणत्याही रसायनाहून स्वस्त उपाय आहे.

आणखी एक गंमत आपल्या मातीची. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचाच असतो, म्हणजे गंजाचा सख्खा चुलतभाऊ. त्यामुळे दरवाजाच्या कडेला लागलेला चिखल कोणता आणि गंज कोणता, हे धुतल्याशिवाय आमच्यासारख्यालाही सांगता येत नाही. त्यावर पेंटर रेड ऑक्साइड मारतो तेव्हा तिन्ही तांबडे एकमेकांत मिसळून जातात आणि मालकाचे समाधान होते.

माझेही एकदा असेच समाधान झाले होते. माझ्या पहिल्या गाडीचा दरवाजा मी घाईने, ऐन श्रावणात, गणपतीला मुंबईची मंडळी येण्यापूर्वी करून घेतला. कारागिराने फोड घासले, भोकावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली आणि वर झकास रंग दिला. लांबी पाणी शोषते आणि तिला मागून ओल पोहोचतच होती. पुढच्या गणपतीला तीच लांबी भाकरीच्या पापुद्र्यासारखी हातात आली. कामात दोष होता हे खरे, पण हंगाम निवडण्याची चूक माझी होती. हे काम कोरड्या हवेत, पावसाळा सरून दव कमी असलेल्या दुपारी करावे.

आता प्रत्यक्ष काम. दरवाजाचे आतले पॅनेल काढा आणि त्यामागचा प्लास्टिकचा कागद न फाडता सोडवा; स्पीकर बसवताना हा कागद फाडून टाकण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे आणि मग पाणी थेट पॅनेलमध्ये मुरते. तारेने निचऱ्याची भोके मोकळी करा, चिखल काढा आणि आतला भाग गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, कारण गंजाच्या खळग्यांत मीठ दडलेले असते आणि त्यावर दिलेला रंग पुन्हा फोड धरतो. पूर्ण वाळू द्या. नंतर तारेच्या ब्रशने आणि पॉलिशपेपरने सुटणारा गंज काढा, पत्रा चकाकेपर्यंत. खळग्यांत जो उरेल त्यावर गंजरूपांतरक लावा. त्याच्या एका प्रकारात टॅनिक आम्ल असते आणि ते गंजाला काळे, स्थिर रूप देते. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडले की शाईसारखा काळा रंग येतो, तीच ही क्रिया. त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग रंग.

पत्र्याला भोक पडले असेल तर लांबीचा विचारही करू नये. सडलेला भाग कापून नवा तुकडा जोडावा लागतो. गॅसच्या ज्योतीने पातळ पत्रा वाकडा होतो, म्हणून सीओटू वेल्डिंग, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात विजेने होणारे वेल्डिंग, करणारा कारागीर शोधा, आणि आधी बॅटरीची तार काढायला सांगा. वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळतो, हे बहुतेक जण विसरतात. म्हणून सर्वांत शेवटी लांब नळीने पेटीच्या आत, विशेषतः मुरडीत, पोकळीत फवारण्याचे मेण मारावे. ते फटीत झिरपते आणि पाण्याला जागा ठेवत नाही. फवारताना भोके बुजणार नाहीत एवढे पाहावे.

काळे ऑइल मारले तर काय होईल, असे मला नेहमी विचारतात. गंज थोडा अडतो, पण रबर फुगते आणि पहिल्या पावसात ते तेल आपल्याच अंगणातून विहिरीकडे जाते. मी ते मारत नाही. दुसरा प्रश्न, दुरुस्ती की जुना दरवाजा विकत? कड सगळीच उसवली असेल तर दुसरा बसवावा. दरवाजा बोल्टांवर निघतो, हे आपले नशीब. दरवाजाखालच्या पट्टीचे तसे नाही. मात्र भंगारातून घ्यायचाच झाला तर घाटावरच्या गाडीचा घ्या, आणि रंग पाहण्यापेक्षा खालच्या मुरडीवरून बोट फिरवा.

काम झाले की काच वर करून रबरपट्टीच्या बाहेरून तांब्याभर पाणी ओता आणि खाली वाकून बसा. क्षणभरात भोकांतून थेंब पडू लागले तर पॅनेल लावून टाका. नाही पडले तर तार पुन्हा हातात घ्या.