व्हेंटिलेटरची नळी टाकण्याआधीची तीन मिनिटं

नमस्कार. आयसीयूत एखाद्याला व्हेंटिलेटर लावायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष घशातून जाणाऱ्या नळीकडे लागतं. आज बोलूया त्याच्या आधीच्या तीन मिनिटांबद्दल. निदान माझ्या मते, पेशंटची सुरक्षितता बरीचशी तिथेच ठरते.

नळी टाकताना भूल देतात आणि स्नायू सैल करणारं औषध देतात. त्या औषधाने श्वास थांबतो. मग नळी बसेपर्यंत शरीर तग धरतं ते फुप्फुसात साठलेल्या ऑक्सिजनवर.

हिशोब बघा. नेहमीसारखा श्वास सोडल्यावरही मोठ्या माणसाच्या फुप्फुसात साधारण अडीच लिटर हवा उरते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे साठा जेमतेम अर्धा लिटर. शरीराला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर लागतो. एक-दोन मिनिटांत सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, घसरतं. तेच आधी शुद्ध ऑक्सिजन दिला, तर फुप्फुसातला नायट्रोजन बाहेर पडतो, त्याची जागा ऑक्सिजन घेतो आणि धडधाकट माणसाला आठेक मिनिटं मिळतात.

पण आयसीयूतला पेशंट धडधाकट नसतो! न्यूमोनियात फुप्फुसातले काही वायुकोश (हवेच्या बारीक पिशव्या) पाण्याने भरलेले, काही मिटलेले. साठवायला जागाच कमी, आणि तापामुळे खप जास्त. मॉनिटरवर ९८ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नये. तो आकडा रक्तातला आहे, फुप्फुसातल्या साठ्याचा नाही.

साधा मास्क इथे कमी पडतो. तो सैल बसतो, कडेने बाहेरची हवा आत शिरते. बायपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र. त्याचा घट्ट मास्क शुद्ध ऑक्सिजन तर देतोच, शिवाय दाबाने मिटलेले वायुकोश उघडतो. अमेरिकेत १,३०१ पेशंटवर झालेल्या 'प्रीऑक्सी' चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली आले. नळी टाकताना सॅच्युरेशन ८५च्या खाली गेलं ते साध्या मास्कच्या गटात १८.५ टक्के पेशंटमध्ये, आणि बायपॅपसारख्या दाबाच्या मास्कच्या गटात ९.१ टक्के. जवळजवळ निम्मं! मात्र उलट्या होत असतील तर हा मास्क नको.

आता भूल दिल्यानंतरचं मिनिट. पूर्वी शिकवायचे, या वेळी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबू नका, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाईल. ही भीती खोटी नाही. पण २०१९च्या 'प्रिव्हेंट' चाचणीत ४०१ पेशंट होते. ज्यांना बॅगने श्वास दिले, त्यांच्यात सॅच्युरेशन ८०च्या खाली जाण्याचं प्रमाण १०.९ टक्के होतं, ज्यांना दिले नाहीत त्यांच्यात २२.८. पोटातलं फुप्फुसात जाण्याचं प्रमाण बॅगमुळे वाढलेलं दिसलं नाही. अर्थात, तो धोका मुळातच जास्त असलेले पेशंट या चाचणीत घेतले नव्हते, हे विसरून चालणार नाही.

डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवणं ही गोष्ट साधी आहे, तरी घाईत राहून जाते. पोटाचा भार फुप्फुसावरून उतरतो, म्हणून ती करायचीच.

आणि नळी गेल्यावर? बोटावरचा ऑक्सिमीटर मागे चालतो. नळी बरोबर बसली तरी आकडा थोडा वेळ घसरतच राहू शकतो. त्यामुळे नळी श्वासनलिकेतच आहे ना, हे श्वासातून बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावर बघायचं. दर श्वासाला तो आलेख उमटतोय याची खात्री झाली, की नळी बांधून व्हेंटिलेटर जोडतात.