बाटलीवरचा प्रदेश आणि पेल्यातला धूर

स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांत पाच प्रदेशांची नावं संरक्षित आहेत: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला. मात्र मंडळी, कुठल्या प्रदेशाची चव कशी असावी हे त्या नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. बुनाहावेन ही डिस्टिलरी (व्हिस्की गाळण्याचा कारखाना) आयला बेटावरचीच, पण तिची नेहमीची व्हिस्की बिनधुराची, म्हणजे धुराचा वास-चव नसलेली. बेनरिआक डिस्टिलरी स्पेसाइडमधली, तरी ती धुरकट व्हिस्कीही काढते. मग आयला म्हटलं की धूरच का आठवतो?

कारण इंधन. बेटावर झाडं तुरळक, पीट मात्र मुबलक. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साचलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. व्हिस्कीसाठीचं माल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, त्यावरच वाळवलं जाई. स्पेसाइडमध्ये १८६३ साली रेल्वे आली, कोळसा-कोक सहज मिळू लागला आणि तिथला धूर हळूहळू ओसरला.

आता भट्टीत डोकावू. मोड आलेल्या बार्लीत सुमारे ४५ टक्के ओलावा असतो. धुरातली फिनॉल नावाची संयुगं दाण्याच्या ओल्या सालीलाच नीट चिकटतात. म्हणून पीट सुरुवातीच्या तासांत जाळायचं, तेही धुमसत. ज्वाळा उठल्या तर उष्णता वाढते आणि धूर घटतो. साल कोरडी पडल्यावर कितीही पीट जाळा, फारसं काही चिकटत नाही. पुढे नुसत्या गरम हवेनं ओलावा ४-५ टक्क्यांवर आणायचा.

लागावुलिन आणि कूल ईला या आयलावरच्या दोन डिस्टिलऱ्यांच्या माल्टमध्ये फिनॉलचं प्रमाण दहा लाखांत साधारण ३५ भाग. बेट एक, मालक एक, माल्टही पोर्ट एलनच्या एकाच माल्ट-कारखान्यातलं. तरी लागावुलिन जड आणि तेलकट, कूल ईला हलकी आणि स्वच्छ! फरक पडतो ऊर्ध्वपातनाच्या तांब्याच्या भांड्यात. लागावुलिनमध्ये भांडी जवळजवळ काठोकाठ भरतात, त्यामुळे वाफेला तांब्याचा स्पर्श कमी होतो. कूल ईलात वर बरीच जागा मोकळी ठेवतात. वाफ तांब्यावर रेंगाळते आणि जड घटक मागे राहतात. शिवाय फिनॉल ऊर्ध्वपातनात उशिरा उतरतात. उतरणाऱ्या धारेतला फक्त मधला भाग व्हिस्कीसाठी घेतात. तो लवकर तोडला तर धूर शेपटात, म्हणजे बाजूला काढलेल्या शेवटच्या भागात, निघून जातो, उशिरा तोडला तर पेल्यात येतो. म्हणून ३५ हा आकडा माल्टचा समजायचा, बाटलीचा नव्हे.

पीटमधून झिरपलेल्या तपकिरी पाण्याचं कौतुक फार होतं, पण धुराशी त्याचा संबंध नगण्य आहे.

प्रदेश ताडून पाहताना हमखास चूक होते ती पिंपाची, म्हणजे व्हिस्की ज्यात मुरते त्या लाकडी पिंपाची. शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपातली स्पेसाइड आणि बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपातली लोलँड शेजारी ठेवली, तर कळतो तो पिंपांचा फरक. दोन्ही बर्बनच्या पिंपातल्या, जवळपास एकाच वयाच्या आणि बिनधुराच्या घ्या. निमुळत्या तोंडाच्या पेल्यात २० मिली ओता, आधी पाणी न घालताच हुंगा. व्हिस्की ४० टक्क्यांची असेल तर तेवढंच पाणी घाला. अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास येतं, नाकाची जळजळ थांबते आणि दडलेले वास वर येतात. धुरकट पेला शेवटी ठेवा, कारण त्याच्यानंतर हलक्या व्हिस्कीतला सफरचंदाचा किंवा गवताचा वास बराच वेळ लागतच नाही.