चार महिने उभी राहिलेली जीप

(पडवीत ताडपत्रीखाली जीप. पागोळ्या थांबल्या आहेत, अंगणात शेवाळ.)

मृगापासून ही जीप इथेच उभी आहे. वेंगुर्ल्याजवळचं घर, रात्री अंथरुणात समुद्राची गाज ऐकू येते. आता दसरा झालाय, ऊन पडलंय, ताडपत्री निघतेय.

कोकणात जुन्या गाडीची बरीचशी झीज अशी पावसाळ्यात, उभ्या उभ्या होते. खारी ओल इंजिनात शिरते. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह नेमका उघडा राहिलाय, त्याच्या भिंतीवर गंज धरतो. मग ऑक्टोबरात कुणीतरी उत्साहाने स्टार्टर मारतो आणि तो गंज रिंगांना पॉलिश पेपरसारखा घासत सुटतो. म्हणून मिस्त्री आधी चारही प्लग काढतात, भोकांत थोडं थोडं तेल सोडतात आणि पुढून हँडल घालून इंजिन हाताने फिरवतात. या गाडीला अजून हँडल आहे, याचा मला दरवर्षी नव्याने आनंद होतो.

सीजे-३बी. विलिस कंपनीने ती अमेरिकेत १९५३ साली आणली, पुढे महिंद्राने भारतात कित्येक वर्षं बनवली. बॉनेट एवढं उंच, कारण आतलं हरिकेन इंजिनच उंच आहे: २.२ लिटर, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये.

(इंजिन सुरू होतं.)

ऐका. व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटची टिकटिक वेगळी. ही खडखड पुढून येतेय, पंख्याच्या मागून, आणि गाडी सावकाश चालू असताना जास्त. मिस्त्री मान हलवतात. "दात गेले हिचे."

तरी खात्री करायची. इंजिन बंद. प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून हँडल हळूच पुढे-मागे हलवायचं. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, हलतोय, पण कॅपखालचा फिरता रोटर जागचा हलत नाही. मधला सगळा ढिलेपणा म्हणजे गिअरची झीज. गेल्या मे महिन्यात आंबोलीचा घाट चढताना ही दमत होती, कार्बोरेटरमधून फटाके वाजत होते, त्याचं कारण इथे सापडलं. व्हॉल्व्ह उशिरा उघडत होते.

(रेडिएटर, पुली आणि पुढचं कव्हर निघतं.)

खाली क्रँकचा छोटा लोखंडी गिअर, वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा मोठा. मोठ्याचे दात दुप्पट, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी व्हायला हवी. मोठा गिअर दाबलेल्या फायबरचा आहे, आवाज कमी व्हावा म्हणून. त्याचेच तीन दात अर्धे उडालेत. तुकडे खाली ऑइल चेंबरमध्ये. चेंबर उतरवल्यावर तेलावर तरंगणाऱ्या जाळीत ते अडकलेले दिसतात. गिअर बदलून हा चेंबर तसाच ठेवला, तर पंपाला तेल मिळणार नाही आणि सगळे बेअरिंग जातील. हे काम टाळणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पण दात का गेले? ब्लॉकच्या तोंडावर एक बारीक जेट आहे, त्यातून गिअरवर तेलाची धार पडते. ती बुजली होती. तारेने साफ करताना काळा गाळ निघाला. एअर क्लीनरच्या तेलातही जांभ्याच्या धुळीचा लाल चिखल. आमच्या रस्त्यांवरची ही धूळ सिलिंडरपासून बेअरिंगपर्यंत सगळं घासते. क्लीनरचं हे तेलाचं भांडं, ऑइल बाथ, दर महिन्याला धुवायला हवं.

दोन्ही गिअर जोडीने बदलायचे. झिजलेला छोटा नव्या मोठ्याला वर्षभरात खाऊन टाकतो. जुना पुलरने काढायचा. नवा बसवताना फायबरवर हातोडा नाही. बोल्टने ओढत, शाफ्टवर गिअर घसरू न देणाऱ्या चावीच्या खाचेत. छोट्याचा खूण असलेला दात मोठ्याच्या दोन खुणांच्या मधोमध आला पाहिजे. ऑइल पंप कॅमशाफ्टवरून चालतो आणि डिस्ट्रिब्युटर पंपावरून, त्यामुळे पंप काढला असेल तर इग्निशनचं टायमिंगही, म्हणजे ठिणगीची वेळही, पुन्हा लावावं लागतं.

(जवळून: तेलकट बोटं, दोन गिअर.)

कव्हर अजून लावलेलं नाही. क्रँकचा नट तात्पुरता घट्ट करून मिस्त्री पाना धरतात. एक फेरी. खुणा लांब गेल्या. दुसरी फेरी, सावकाश. तो दात पुन्हा दोन खुणांच्या मधोमध येऊन थांबतो, आणि मिस्त्री गास्केटसाठी हात पुढे करतात.