कपातला चहा वाढला कसा?

नमस्कार श्रोतेहो.

चार माणसं मिळून सिनेमा बघायला बसली की त्यांत एक तरी असा निघतोच, जो ऐन रंगात आलेल्या प्रसंगात ओरडतो, "अरे, आत्ता तर त्याच्या हातात छत्री होती!" बाकीचे त्याच्यावर डाफरतात, कुणीतरी उशी फेकून मारतं. आज मी त्या उशीचा मार खाणाऱ्या माणसाची बाजू घेणार आहे. शेवटपर्यंत घेईनच असं नाही, पण सुरुवात तरी त्याच्याच बाजूने.

'शोले' घ्या. १५ ऑगस्ट १९७५ ला आलेला हा सिनेमा पाहिलाच नाही, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. रामगढमध्ये वीज नाही. रात्री हवेलीतले दिवे एकेक करून मालवणारी जया भादुरी आणि समोर माउथ ऑर्गन वाजवणारा अमिताभ, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. आणि याच गावात ती भलीमोठी पाण्याची टाकी, जिच्यावर चढून दारू प्यायलेला वीरू जीव द्यायला निघतो. वीज नाही तर टाकीत पाणी चढतं कसं? हा प्रश्न विचारून लोक गेली पन्नास वर्षं एकमेकांना टाळ्या देताहेत. डिझेलवर चालणारे पंप तेव्हाही शेतोशेती होते, त्यामुळे मी ही चूक अर्धीच धरतो. शिवाय टाकी नसती तर वीरूने तो सगळा तमाशा करायचा कुठे? आडाच्या काठावर?

पण 'शोले'तली खरी गंमत पडद्यामागची आहे. ठाकूर खिळे मारलेल्या जोड्यांनी गब्बरला चिरडून ठार करतो, असा शेवट आधी चित्रित झाला होता. दिवस आणीबाणीचे. एकेकाळचा पोलीस अधिकारीच कायदा हातात घेतो, हे सेन्सॉरला मान्य होईना. मग शेवट पुन्हा चित्रित झाला आणि ऐन वेळी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात, असं ठरलं. आपण वर्षानुवर्षं पाहिला तो हा शेवट. मूळ शेवटासह नव्याने दुरुस्त केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहराच्या महोत्सवात दाखवली गेली.

त्यातला रेल्वेचा दरोडा आठवत असेल. तो आपल्या पनवेलजवळच्या रुळांवर चित्रित झाला आणि त्याला सात आठवडे लागले. सात आठवडे! पडद्यावर मात्र तो एकाच दिवशी, एकाच दमात घडतो. सात आठवड्यांत ऊन बदलतं, केस वाढतात, कपड्यांवरची धूळ हलते. हे सगळं जुळवून 'हा एकच दिवस आहे' असं आपल्याला पटवायचं असतं. चुका शिरतात त्या याच फटीतून.

चहाचा साधा प्रसंग घ्या. सासरा आणि जावई ओसरीवर बसलेत, हातात कप, बोलणं जमिनीच्या वाटणीचं. पडद्यावर जेमतेम दोन मिनिटं. चित्रीकरणाला मात्र अख्खा दिवस जातो. आधी दोघं एकत्र दिसतील असा मास्टर शॉट. मग कॅमेरा जावयाच्या खांद्यामागे नेऊन सासऱ्याचा क्लोज-अप. तो ओके झाला की सगळे दिवे उलटे फिरवायचे, कारण आता जावयाचं तोंड दिसणार. तेवढ्यात जेवणाची सुट्टी होते. दुपारी परत येऊन बघावं तर कपातला चहा गार होऊन साय धरून बसलेला. स्पॉटदादा बिचारा मनापासून नवा चहा ओततो, काठोकाठ. झालं! पडद्यावर जावई दोन घोट पितो आणि कप आधीपेक्षा जास्त भरलेला.

हे होऊ नये म्हणून सेटवर एक माणूस असतो, कंटिन्युइटी सांभाळणारा. आपल्याकडे बहुतेक वेळा ते एखाद्या सहायक दिग्दर्शकाच्या गळ्यात पडतं. संवादातल्या नेमक्या कुठल्या शब्दावर कप उचलला, उजव्या हाताने की डाव्या, पदर कुठल्या खांद्यावर होता, सिगारेट किती जळली होती, हे सगळं तो टिपून ठेवतो. पूर्वी त्यासाठी पोलरॉइडचे फोटो काढत, आता मोबाइल आहे. त्याचं काम चोख झालं तर प्रेक्षकाला तो माणूस आहे हेच कळत नाही. चुकलं की पन्नास वर्षं टाळ्या.

आणि तरीही चुका राहतात. का? इथे मी त्या उशीवाल्या मित्राची बाजू जरा सोडतो. पुष्कळदा ती चूक संकलकाने पाहिलेली असते. पाहून, समजून, ठेवलेली असते. समजा सासऱ्याच्या पाच टेकपैकी तिसऱ्या टेकमध्ये त्याचे डोळे असे काही भरून आले की बस. पण नेमक्या त्याच टेकमध्ये कप बशीत नाही, हातात आहे. काय करायचं? कप जुळवायचा की डोळे घ्यायचे? 'द इंग्लिश पेशंट'साठी ऑस्कर मिळवणारे संकलक वॉल्टर मर्च यांनी याचा चक्क हिशेब मांडलाय. कुठे कापायचं हे ठरवताना भावनेला ५१ टक्के, कथेला २३, लयीला १०, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे याला ७, पडद्याच्या सपाट चौकटीतल्या मांडणीला ५, आणि माणसं-वस्तू प्रत्यक्ष जागेत कुठे आहेत याला शेवटचे ४ टक्के. म्हणजे आपण ज्या कपावरून ओरडतो तो बसतो त्या शेवटच्या ४ टक्क्यांत. डोळे जिंकणार, कप हरणार.

त्यांना हे परवडतं, कारण आपल्याला दिसतच नाही. १९९७ साली डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म बनवली. दोन बायका टेबलाशी बसून गप्पा मारताहेत. त्यात मुद्दाम नऊ चुका पेरल्या होत्या. एकीच्या गळ्यातला स्कार्फ मध्येच नाहीसा होतो, टेबलावरच्या लाल बशा पांढऱ्या होतात. दहा जणांना ती दाखवली, तर दहापैकी फक्त एकाला काहीतरी बदलल्याचं जाणवलं. मग 'चुका शोधा' असं सांगून पुन्हा दाखवली, तरी सरासरी दोनच सापडल्या. त्याच मंडळींच्या दुसऱ्या फिल्ममध्ये तर प्रसंग चालू असताना नटच बदलला. म्हणजे वेगळा माणूस, वेगळे कपडे! तरी बहुतेकांच्या लक्षात आलं नाही. आपण गोष्ट बघत असतो, बशा कोण बघतो.

म्हणून ज्याला बशा दिसतात त्याचं मला कौतुकच आहे. हिचकॉकच्या १९५९ सालच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मधला तो मुलगा कुणी पहिल्यांदा पाहिला असेल? माउंट रशमोरजवळच्या उपाहारगृहातला प्रसंग. नायिका पर्समधून पिस्तूल काढून नायकावर झाडणार. पडदाभर ताण. आणि मागे एका टेबलाशी बसलेलं एक पोरगं, गोळी सुटायच्या आधीच कानात बोटं घालून तयार! बहुधा आधीच्या टेकचा धडाका त्याच्या कानांत बसला असणार. त्या एका पोरात मला अख्खा सेट दिसतो. किती वेळा तो बार उडवला असेल, किती वेळा 'पुन्हा घ्या' झालं असेल, सगळं त्याच्या दोन बोटांत आहे. असली चूक काढून टाकली असती तर मला हळहळ वाटली असती.

पण चुका शोधणारेही चुकतात बरं का. 'बेन-हर'च्या रथांच्या शर्यतीत एका सारथ्याच्या मनगटावर घड्याळ दिसतं, हे तुम्ही ऐकलं असेल. शपथेवर सांगणारे आहेत. शर्यत कितीही वेळा थांबवून थांबवून बघा, घड्याळ सापडत नाही. दिसतात ते मनगटांवरचे चामड्याचे लांब पट्टे. ऐकीव गोष्ट एकदा लोकांच्या तोंडी बसली की तिला पुरावा लागत नाही.

आपल्या घरचं उदाहरणही आहे. प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६ सालचा. त्यातलं 'आधी बीज एकले' ऐकून कितीतरी जणांनी ते तुकोबांच्या गाथेत शोधलं असेल. गाथेत नाहीच ते. चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलं. विष्णुपंत पागनीस ते असे गायले की महाराष्ट्राने ते तुकोबांच्या नावावर जमा करून टाकलं. आता ही चूक कुणाची म्हणायची? आठवल्यांसाठी तर यापेक्षा मोठी पावती नाही.

काही चुका माहितीच्या असतात, आणि तिथे मात्र मी कडक आहे. निदान असायला बघतो. आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' घडतो १८९३ साली. त्या काळी इंग्लंडात षटक पाच चेंडूंचं होतं, सहा चेंडूंचं झालं १९०० साली. चंपानेरच्या मैदानावर गोरे साहेब मात्र बिनदिक्कत सहा-सहा चेंडू टाकतात. आणखी खोलात जाऊ. चेंडू सीमेवरून थेट पलीकडे गेला की सहा धावा, हा नियम तिकडे १९१० चा. त्याआधी सहासाठी चेंडू मैदानाच्याच बाहेर जावा लागे. आता भुवनचा तो शेवटचा फटका आठवा. कॅप्टन रसेल झेल घेतो आणि खाली बघतो तर पाय सीमेबाहेर. तेव्हाच्या इंग्लंडच्या पुस्तकावर बोट ठेवलं असतं तर गाव तिप्पट लगान भरत बसलं असतं! तर माझा कडकपणा इथवरच. कारण त्या क्षणी मीही खुर्चीतून उठलो होतो. ती उसळणारी गर्दीही खरीच होती बरं, भुजच्या आसपासच्या गावांतून आलेली, जवळपास दहा हजार माणसं. त्यांना रंगात आणायला आमिर खानने 'आती क्या खंडाला' म्हटलं होतं. १८९३ च्या रयतेच्या तोंडावरचा तो आनंद खंडाळ्याच्या घाटातून आलाय.

चूक सापडल्यावर दिग्दर्शक काय करतात, तेही बघण्यासारखं. 'टायटॅनिक'मध्ये बुडालेल्या बोटीवरचं आकाश चुकीचं आहे, असं नील डीग्रास टायसन या खगोलशास्त्रज्ञाने जेम्स कॅमेरॉनला सुनावलं. एप्रिल १९१२ च्या त्या रात्री, त्या ठिकाणी तारे असे नव्हतेच, शिवाय अर्धं आकाश उरलेल्या अर्ध्याचं प्रतिबिंब होतं! कॅमेरॉनने त्याच्याकडूनच बरोबर आकाश मागवून घेतलं आणि २०१२ च्या थ्रीडी आवृत्तीत ते बसवलं. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेत २०१९ साली जेवणाच्या टेबलावर कॉफीचा कागदी कप राहून गेला, तो त्यांनी दोन दिवसांत पुसून टाकला.

जॉर्ज लुकसचं वेगळंच. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये पांढऱ्या चिलखतातले शिपाई एका खोलीत घुसतात आणि उजवीकडच्या एकाचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटतं. संकलनात ते कुणाला दिसलं नाही, प्रेक्षकांना दिसलं. लुकसने पुढे तो सिनेमा कितीदा तरी हाताळला, काय काय बदललं, पण हे डोकं तसंच ठेवलं. २००२ च्या भागात त्या शिपायांचा मूळपुरुष जँगो फेट दाखवला, आणि त्यालाही आपल्या यानात शिरताना डोकं आपटायला लावलं. म्हणजे खोड वंशपरंपरेची ठरली! दोन वर्षांनी जुन्या सिनेमाची डीव्हीडी निघाली, तेव्हा त्या पहिल्या शिपायाच्या डोक्याला एक छानसा 'टण्' असा आवाजही जोडला होता.

नमस्कार.