शंभर किलोमीटरची तालीम

नमस्कार श्रोतेहो.

आणखी नऊ दिवसांनी पहाटे पाच वाजता मी चालायला निघणार आहे आणि सगळं नीट पार पडलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी थांबणार आहे. 100 किलोमीटर, 48 तासांच्या आत, चौघांच्या गटानं. निघायचं चौघांनी, पोचायचंही चौघांनीच. यासाठी गटानं जमवलेली देणगी मुलींच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेला जाणार आहे. माझं वय 53, गुडघ्यांचं बहुधा थोडं जास्तच.

हा प्रकार मूळचा हाँगकाँगचा. तिथल्या गुरखा सैनिकांचा सराव म्हणून 1981 मध्ये मॅक्लेहोज ट्रेल नावाच्या 100 किलोमीटरच्या डोंगरवाटेवर चौघाचौघांच्या तुकड्या चालल्या. 1986 पासून साध्या नागरिकांनाही त्यात भाग घेता येऊ लागला. ही लष्करी तालीम आहे, असं मी घरी जरा ऐटीतच सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या बायकांना कुणी तालीम दिली गं?"

यावर काय बोलणार! पण नंतर मी हिशेब मांडला. माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड हा मोठा टप्पा साधारण 30 किलोमीटरचा, दिवे घाटासकट. आम्हाला तसे तीन टप्पे लागोपाठ चालून वर थोडं उरतं, आणि मधली रात्र झोपायचं नाही. ताशी चार किलोमीटर धरले, तर नुसतं चालणंच 25 तासांचं. खाणं, मोजे बदलणं, पाठ टेकणं यात सात-आठ तास सहज जातात. हे सासूबाईंना सांगितलं नाही. उगाच काळजी करत बसल्या असत्या.

तालमीला सोळा आठवडे दिले. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा वेताळ टेकडीवर पाच-सहा किलोमीटर आणि शनिवारी लांबची चाल, आधी 10, मग 15, मग 20. दर चौथ्या आठवड्याला थोडं कमी. शेवटी शेवटी शनिवारी 30 आणि रविवारी पुन्हा 20. रविवारचे ते 20 महत्त्वाचे, कारण भरून आलेल्या मांड्यांनी कसं चालायचं, हे त्याशिवाय कळत नाही. एका वेळची सगळ्यात मोठी चाल 50 ची. पुढचे 50 थेट त्या दिवशीच.

मला वाटलं होतं, दमसास कमी पडेल. कमी पडली ती पावलं. पहिल्या महिन्यात मी नेहमीच्या मापाचे बूट आणि सुती मोजे घालून निघाले. सतराव्या किलोमीटरला डाव्या टाचेला काहीतरी गरम गरम लागायला लागलं. आता घर जवळच आलंय म्हणून तशीच चालत राहिले. घरी मोजा काढला तर रुपयाएवढा फोड! मोज्याला घडी पडली होती, एवढंच कारण. घामानं कातडी मऊ पडते, मोजा तिला धरून ठेवतो आणि आतलं हाड मात्र पावलागणिक पुढेमागे सरकत राहतं. त्या ओढाताणीत कातडीचे थर सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. म्हणून आता नियम असा, की गरम लागलं त्या क्षणी खाली बसायचं, मोजा काढून पाय कोरडा करायचा, त्या जागी चिकटपट्टी लावायची. कोण थांबलंय, कोण बघतंय, याची पर्वा करायची नाही. सुती मोजा घाम धरून ठेवतो, तो घरी वापरावा. आणि बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय सुजलेला असतो तेव्हा, अर्धं-एक माप मोठे. मोठे कशाला, तर उतारावर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं.

उतार मला सिंहगडावर शिकायला मिळाला. पायथ्यापासून सुमारे 600 मीटर चढून गेलो, त्याचं काही वाटलं नाही. उतरताना मांड्या थरथरायला लागल्या, कारण उतारावर स्नायू ताणला जाता जाता शरीर आवरून धरत असतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. त्याच वाटेवर एक दहीवाल्या मावशी खाली येत होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर रिकाम्या मडक्यांची पाटी, पायात प्लॅस्टिकच्या चपला. पावलं अगदी छोटी, जरा तिरकी, गुडघे किंचित वाकलेले. आमच्यातला शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "काकू, यांचा व्हिडिओ काढू?" मी म्हटलं, "आधी विचार त्यांना." मावशी म्हणाल्या, "माझा कशाला काढतोस? तुझाच काढ, कसा उतरतोयस बघ!" त्या दिवसापासून आम्ही सगळे छोट्या पावलांनी उतरतो.

हा मुलगा सुरुवातीला सुसाट पुढे जायचा आणि दगडावर बसून आमची वाट बघायचा. तोवर त्याचं अंग गार पडायचं आणि पोटऱ्यांत गोळे यायचे. आता सगळ्यात पुढे माझ्या नणंदबाई. आमच्यात सर्वांत सावकाश त्याच चालतात. त्यांच्या मागे मी, मग हा मुलगा, शेवटी माझे ऑफिसातले सहकारी. वन्सं मागे वळून एवढंच म्हणतात, "वहिनी, रेटू नका." रेटतं कोण, हे मी इथे सांगत नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट माझ्या डोक्यात उलटी होती. जितकं पाणी प्यावं तितकं बरं, असं मला वाटायचं. पण तासन् तास नुसतंच पाणी ढोसलं, तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते आणि हे वाढलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून तहानेप्रमाणे प्यायचं आणि सोबत खारं काहीतरी खायचं. जलसंजीवनीचं घरगुती माप तुम्हाला ठाऊक असेल: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. माझ्या पिशवीत शिवाय खजूर, चिक्की आणि भडंग. रात्री दोन वाजता गोड नको होतं, तेव्हा भडंगच कामाला येतं. रात्रीचीही तालीम केली, कपाळाला बॅटरी बांधून. पहाटे तीन ते पाच हा वेळ वाईट. सपाट वाटेवरही ठेच लागते आणि माणसं विनाकारण एकमेकांवर डाफरतात.

आणि पैसे मागणं! गणपतीची वर्गणी मागायला मी कधी लाजले नाही, पण यासाठी पहिला फोन लावायला चार दिवस घेतले. एका आतेभावानं विचारलं, "तू चाललीस म्हणून मुली कशा शिकतील?" मी म्हटलं, "न चालता मागितले असते तर दिले असतेस का?" त्यानं दिले. प्राप्तिकरात सवलत मिळावी म्हणून 80 जी ची पावतीही मागितली. त्याला सांगावं लागलं, की 2000 रुपयांच्या वर रोख दिलेस तर सवलत मिळत नाही, आणि तू नवी करप्रणाली घेतली असशील तर ती तशीही नाही. तरी त्यानं आकडा कमी केला नाही, हे नोंदवून ठेवते. आमच्या सोसायटीच्या रखवालदारानं मी न मागता पन्नास रुपये हातावर ठेवले. म्हणाला, "ताई, रात्री झोप आली की मला फोन लावा. मी जागाच असतो." नंबर घेऊन ठेवलाय. तीन ते पाचच्या मध्ये लावणार आहे.

शेवटचे दोन आठवडे चाल कमी करायची असते, त्यामुळे सध्या मी घरात नुसती घिरट्या घालतेय. आज एकच काम आहे, पायाची नखं कापायची. कोपरे न गोलवता, सरळ. नमस्कार.