पेंटेली: दगड उतरवणारी वाट

अथेन्सच्या ईशान्येचा हा पेंटेली डोंगर. उंची १,१०९ मीटर. सुट्टीच्या दिवशी शहरातली मंडळी पाठीला सॅक अडकवून इथे येतात आणि या जुन्या फरसबंदीवरून गुहेपर्यंत चढतात. खरं तर ही वाट चढण्यासाठी केलेलीच नव्हती. ती होती दगड, म्हणजे इथला संगमरवर, उतरवण्यासाठी.

वाटेच्या कडेचे हे खळगे बघा. यांत जाडजूड लाकडी खुंट रोवलेले असत. वर खाणीत पाथरवट टिकावाने ठोकळ्याभोवती अरुंद चर खणत, बुडाशी पाचरी ठोकत आणि ठोकळा कातळापासून सुटा करत. मग तो लाकडी घसरगाडीवर चढे. दोरखंडाचे वेढे खुंटांना, दोराची टोकं माणसांच्या हातात. ती बेताबेताने ढील देत आणि कित्येक टनांचं ते धूड इंचाइंचाने खाली सरके. दोर तुटला तर खालच्यांची धडगत नव्हती. पायथ्याला गाड्या तयार, तिथून अथेन्समधली अक्रोपोलिस टेकडी साधारण १६ किलोमीटर. इ.स.पू. ४४७ मध्ये त्या टेकडीवर पार्थेनॉन या अथेना देवीच्या मंदिराचं काम निघालं, त्याचा दगड असा उतरला. ते उभारवणारा नेता पेरिक्लीस आणि शिल्पकार फिडियस यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. आम्ही मात्र या खळग्यांपाशीच जास्त वेळ रेंगाळलो.

ही खाणीची भिंत. टिकावाच्या तिरप्या खुणा अजून ओळीने मोजता येतात. दगड ताजा फोडला की पांढराशुभ्र, बारीक कणीचा. पण त्यात लोहाचा अंश असतो, म्हणून उन्हापावसात राहून त्यावर मधासारखी झाक चढते. पार्थेनॉनचा सोनेरी रंग तो हाच.

खाणकामात उघडी पडलेली ही गुहा. तिच्या तोंडाशी बायझंटाइन काळातली, म्हणजे मध्ययुगातली, जोडचॅपेलं (जोडीने बांधलेली छोटी ख्रिस्ती प्रार्थनाघरं) आहेत. नाव मात्र दाव्हेलिसचं, १९व्या शतकातल्या एका दरोडेखोराचं. पाथरवटांच्या नावाने कोण कशाला ओळखणार!

डोंगराला वणवेही लागतात. ऑगस्ट २०२४ चा तर अथेन्सच्या उपनगरांत शिरला.

उत्तर उतारावर, दिओनिसोसला, खाण अजून चालू आहे. १९७५ पासून चाललेल्या अक्रोपोलिसच्या डागडुजीला दगड इथलाच लागतो. नवा तुकडा जुन्याच्या तुटक्या कडेला तंतोतंत बेतून बसवायचा आणि जुन्याला छिन्नी लावायची नाही, असा तिथल्या कारागिरांचा नेम आहे. आत सांधायला पूर्वीच्या दुरुस्तीत लोखंड घातलं होतं, ते गंजून फुगलं आणि त्याने दगडच फोडला. आता तिथे टायटॅनियम असतं.